तारेवर टांगलेलं विमान

कासिमिरा बार्रिएन्तोसने जन्मभर जे जे केलं ते ते लोकांनी जाळलं. यात कुणाला वाईट वाटायचं कारण नव्हतं, कारण ती जाळण्यासाठीच करायची. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातल्या शनिवारी मेक्सिकोतल्या सेलायाच्या गल्लीगल्लीत दोरीला लटकवून ख्रिस्ताला दगा देणाऱ्या यहूदाचे जे कागदी पुतळे दारू भरून उडवतात, त्यातले आमच्या वस्तीतले सगळे तिच्या अंगणातून निघत. लाल सैतान, शिंगं फुटलेला हवालदार, ढेरपोट्या जमीनदार, आणि ज्या वर्षी ज्या पुढाऱ्यावर गावाचा राग असेल त्याच्या नाकाचा एक यहूदा. वेताची कांब, जुनी वर्तमानपत्रं, सिमेंटच्या पोत्यांचा कागद आणि गव्हाच्या पिठाची खळ, एवढ्यावर तिचा संसार चालला. जत्रेत कोणी बाहुली विकत घेतलीच तर ती पोरांच्या हातात दोन दिवसांत फाटे. मिरा कधी हळहळली नाही. यहूदा पेटला की ती कमरेवर हात ठेवून एकच गोष्ट बघायची, वात सरळ चालली की नाही. मध्येच विझली तर तिला आठवडाभर अन्न गोड लागत नसे.

ही शिस्त बापाची. बापाचं म्हणणं होतं की खळीच्या वस्तूवर जीव लावणारा कारागीर उपाशी मरतो. मिरा लहान असताना तिने एक वीतभर सैतान स्वतःसाठी केला आणि पलंगाखाली लपवला. बापाला तो सापडला. त्याने आरडाओरडा केला नाही की हात उगारला नाही, पोरीला बाहेर बोलावलं, तिच्याच हातात काडी दिली आणि म्हणाला, "लाव." तिने लावली. थोबाडीत बसल्यासारखी ती तिथेच उभी राहिली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खळ ढवळायला बसली.

तेव्हापासून तिच्या घराच्या भिंतीवर एक कॅलेंडर आणि ग्वादालुपेच्या मेरीमातेची तसबीर, याखेरीज काही नाही. एकदा राजधानीतून म्युझियमची माणसं कॅमेरा घेऊन तिचं काम बघायला आली. आली ती रविवारी! बिचारी अंगणात उभी राहून राखेचे फोटो काढत बसली. मिराने त्यांना लिंबाचं सरबत दिलं आणि पुढच्या वर्षी एक दिवस लवकर या म्हणून सांगितलं. ती काही पुन्हा आली नाहीत.

तिचा थोरला भाऊ फिदेन्सियो म्हातारपणी तिच्याकडे राहायला आला. साखरेच्या आजाराने त्याचे डोळे गेले होते, बायको त्याआधी गेली होती, आणि मिराही विधवाच. दोघांचं बरं चाललं होतं, म्हणजे दिवसभर भांडत होते. फिदे महायुद्धात गेला होता. मेक्सिकोने समुद्रापार लढायला एकच तुकडी पाठवली, तीत तो होता. वैमानिक म्हणून नव्हे, बंदुका भरणारा म्हणून. फिलिपाइन्सच्या चिखलात उभं असलेलं विमान, पंखावर चढायचं, बंदुकांत गोळ्यांचे पट्टे भरायचे, उतरायचं. परत आल्यावर राजधानीत त्यांच्यावर फुलं उधळली गेली. मग फिदे बसच्या गॅरेजमध्ये लागला आणि त्या दिवसांबद्दल त्याने तोंडातून ब्र काढला नाही. कोणी खोदून विचारलंच तर सांगायचा, "पाऊस फार होता."

म्हणून एका वर्षी राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचे उपवास सुरू होतात त्या दिवशी, कपाळावरची राख अजून ओली असताना तो जे बोलला ते ऐकून मिराच्या हातातला ब्रश गळून पडला.

"मिरा, मला विमान करून दे."

"कसलं विमान?"

"माझं."

"फिदे, ऊन लागलंय का तुला?"

"डोळे गेलेत, डोकं जागेवर आहे. खऱ्याच्या आठवा हिस्सा कर. मापं मी सांगतो. सगळी पाठ आहेत." आणि खुर्चीत बसल्याबसल्या त्याने घडाघडा म्हणायला सुरुवात केली. पंखाची लांबी, नाकाचा घेर, शेपटीची उंची, चाकांमधलं अंतर. चाळीस वर्षं पोटात दाबून ठेवलेलं सगळं जपमाळेसारखं बाहेर येत होतं. मिराचा ब्रश खालीच पडून राहिला. आपण या माणसाच्या शेजारी रोज जेवतो आणि याच्या पोटात एक अख्खं विमान आहे, हे तिला माहीतच नव्हतं.

उपवासाचे चाळीस दिवस म्हणजे तिच्या धंद्याचा ऐन हंगाम. दिवसा यहूदा, संध्याकाळी विमान, असं सुरू झालं. फिदे जवळ बसायचा आणि बोटांनी तपासायचा. त्याची बोटं म्हणजे जुन्या मोटारीचे पुर्जे, पण पंखाच्या कडेवरून फिरली की मांजरीच्या पावलासारखी हलकी व्हायची.

"हे काय केलंस? हे यहूदाचं पोट आहे."

"तूच म्हणालास पोट मोठं हवं."

"मोठं, पण घागरीसारखं. हे तामाले खाऊन सुटलेलं आहे."

"तुझ्यासारखं."

"माझ्यासारखं उडेल का मग? सोल ते."

ती सोलायची. ओला कागद निघायचा, पुन्हा चढायचा. मिराच्या हातांना अशी सवय नव्हती. यहूदाचं नाक वाकडं झालं तर लोक जास्त हसतात. इथे शेपूट दोन बोटं वाकडी झाली तर फिदे जेवायचा नाही. एकदा तिने आपल्या मनाने आत बसायला एक छोटा वैमानिक केला, चष्मा, मिशा, सगळं. फिदेने तो चाचपला आणि काढून तिच्या हातात दिला.

"माणूस नको."

"माणसाशिवाय विमान कोण चालवतं?"

"वैमानिक फक्त मागून न्यायचा गं. सकाळी न्यायचा, दुपारी भोकं पाडून परत आणायचा. विमान माझं होतं."

मिराला त्या दिवशी हसू आलं, आणि मग रात्रीची भांडी घासताना रडूही आलं. तो मिशाळ वैमानिक तिने शेजारच्या एउलालियाच्या नातवाला देऊन टाकला.

बंदुकांवरून मोठी झकाझकी झाली. आठ हव्यात, फिदे म्हणाला, चार या पंखात, चार त्या. एका रांगेत नाही, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या एकीपेक्षा एक पुढे. आणि नुसत्या चिकटवलेल्या काड्या नकोत. नळी पोकळ हवी, पंखाच्या आतही पोकळी हवी, कारण पट्टे तिथेच बसायचे. बोट घालून बघितल्याशिवाय तो मानायचा नाही. मिराने विचारही केला नाही. तिने भिंतीवरचा लोखंडी गज काढला, त्यावर कागदाची पट्टी गुंडाळली, खळ लावली, ओढून काढली. अशा नळ्या ती पोरपणापासून वळत आली होती, उस्ताद आबुंदियोसाठी. आबुंदियो हा वस्तीचा शोभेच्या दारूकामाचा माणूस आणि तिच्या मुलीचा धर्मपिता, त्या नात्याने तो तिला कोमाद्रे म्हणायचा. त्यात दारू भरायचा आबुंदियो, नळ्या वळायची मिरा. आठ नळ्या झाल्या. आतून त्यांना जोडणारी वाट पंखाच्या पोकळीतून पोटापर्यंत गेली, आणि पोटाखाली, ओलं वारं निघून जावं म्हणून, तिच्या हाताने नेहमीचं गोल भोक ठेवलं. डोक्याने नाही, हाताने. एवढी वर्षं जे हात एकच काम करतात ते मालकिणीला विचारत नाहीत.

फिदेने प्रत्येक नळीत करंगळी घातली. "बरोबर," तो म्हणाला.

एउलालिया कापिरोतादाची, उपवासातल्या गोड पावाची, वाटी घेऊन आली आणि दारातच थबकली. "अगं बाई! हा कोणता यहूदा?"

"हा यहूदा नाही," मिरा म्हणाली. "हे जळायचं नाही. हे पुढच्या खोलीत टेबलाच्या वर टांगणार. मी मरेपर्यंत. पुढचं पुढचे लोक बघतील."

एउलालिया तिच्या तोंडाकडे बघतच राहिली. मिराच्या तोंडून असलं वाक्य वस्तीत कोणी ऐकलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मिरानेही नव्हतं. बोलून झाल्यावर तिचे कान तापले. या वयात, नातवंडांच्या वयात, तिला स्वतःचं एक काहीतरी भिंतीच्या आत हवं होतं, आणि किती हवं होतं हे तिला त्या क्षणी कळलं. त्या रात्री तिने छताच्या वाशाला हुकसुद्धा ठोकून ठेवला.

नाक पांढरं झालं, शेपटीवर हिरवा, पांढरा, लाल असे पट्टे आले. रंग फिदेने सांगितले, लावले मिराने, आणि तो सारखा विचारत राहिला, "हिरवा कसला? आपल्या झेंड्याचा की मिरचीचा?" शेवटचा वार्निशचा हात पवित्र शुक्रवारी बसला. त्या दिवशी हातात काम धरू नये, पण ती म्हणाली देव समजून घेईल, तोही सुताराच्या घरचा. ओलं विमान जमिनीवर ठेवलं असतं तर पंख खाली झुकले असते. म्हणून तिने पाठीला सुतळीचा फासा घातला आणि अंगणातल्या तारेवर ते टांगलं, वाळत असलेल्या यहूदांच्या शेवटी. मग काळी ओढणी घेतली आणि शांततेच्या मिरवणुकीला गेली.

आता या अंगणाचा एक कायदा होता, बापाच्या वेळचा. फळीवर जे उभं ते विकायचं, तारेवर जे लटकतं ते जाळायचं. कोणी कधी सांगितला नाही, कोणी कधी मोडला नाही. शनिवारी पहाटे आबुंदियो आपल्या किल्लीने फाटक उघडायचा आणि तारेवरचं सगळं हातगाडीवर चढवून दारू भरायला न्यायचा. मिराला उठवायचीही गरज नसे.

शनिवारी सकाळी मिराने अंगणाकडे पाहिलं नाही. तिला घाई होती. ती फिदेला न्हाव्याकडे घेऊन गेली, कारण आज विमान पुरतं वाळणार होतं आणि फिदे ते पहिल्यांदा नाकापासून शेपटीपर्यंत एका दमात हाताने बघणार होता. त्याने इस्त्रीचा सदरा मागून घेतला होता. न्हाव्याला म्हणाला, "नीट कर. मला भेटायला जायचंय."

"बाई आहे का कोणी?" न्हाव्याने डोळा मारला, आंधळ्याला.

"बाईच समज. वजनदार आहे."

ते परत निघाले तेव्हा कोपऱ्यावर गर्दी जमली होती आणि पहिले बार सुरू झाले होते. त्यांचा दरवर्षीचा रिवाज होता, फिदे तिचा दंड धरून उभा राहायचा आणि ती त्याला सांगत जायची. ती गर्दीच्या मागे उभी राहिली आणि सांगू लागली. "सैतान चढला. शेपूट पेटली. गेला, गेला, पोट फुटलं. आता हवालदार. अरे, शिंगच आधी उडालं." लोक हसत होते, पोरं कान झाकून पुढे घुसत होती. दोरी खाली आली, काहीतरी अडकवलं गेलं, दोरी वर गेली.

"आता कोण?" फिदेने विचारलं.

मिराने वर पाहिलं. पांढरं नाक. तिरंगी शेपूट. बाल्कनी आणि दिव्याच्या खांबाच्या मधोमध, भर उन्हात, तिचं विमान. गर्दीतून एकच "आहा!" उठला. खाली आबुंदियो तोंडातल्या सिगारचं टोक वातीला लावत होता. ओरडायला हवं होतं. ती नुसती बघत राहिली, आणि वात पेटली.

आणि तेव्हा जे घडलं ते तिने पुढे फक्त एउलालियाला सांगितलं. ठिणगी पोटाखालच्या भोकात शिरली, पंखाच्या आतून धावली, आणि मिराच्या मनात पहिला विचार आला तो हा: सरळ चाललीय. काय सुरेख चाललीय! क्षणभर, अगदी एकच क्षण, तिची छाती आनंदाने भरून आली. मग तिला कळलं आपण कशावर खूश झालो.

नळ्या एकामागून एक सुटल्या. विमान दोरीवर स्वतःभोवती गरगरलं, पांढरा धूर सोडत, पुन्हा गरगरलं, आणि लोक वेड्यासारखे टाळ्या पिटू लागले. मग पोटातला बार उडाला. वेताच्या काड्या, जळके कागद, शेपटीचा एक हिरवा तुकडा लोकांच्या डोक्यांवर पडला.

फिदेची बोटं तिच्या दंडात रुतली होती.

"मिरा," तो म्हणाला. "आठ होते."

वरून अजून राख पडत होती.

"चार बार उजवीकडे, चार डावीकडे. मी ऐकले. मिरा, आठ होते."

तेवढ्यात आबुंदियो गर्दीतून वाट काढत आला. तोंड काजळलेलं, डोळे लकाकत होते. "कोमाद्रे! अहो, हे काय करून ठेवलंत! मला काही करावंच लागलं नाही, नळ्या तयार, वातीची वाट तयार, पोटात जागा तयार. मी बायकोला म्हटलं, बाई म्हातारपणी सगळ्यांवर कडी करून गेल्या! आपल्या उभ्या हयातीत असा यहूदा..." मग त्याने तिचा चेहरा पाहिला. मग फिदेचा.

"तारेवर होतं, कोमाद्रे," तो हळूच म्हणाला.

"हो," मिरा म्हणाली. "मीच टांगलं."

"मला काय ठाऊक... देवाशपथ, कोमाद्रे, मला..." त्याने टोपी काढली आणि ती कुठे ठेवावी हे न कळल्यासारखा हातात फिरवत राहिला. भोवतालचे चार लोक गप्प झाले, मग आठ, मग सगळा कोपरा. कोणालाच नीट कळलं नव्हतं काय झालं, पण काहीतरी भयंकर झालं हे सगळ्यांना कळलं. एउलालियाने तोंडाला ओढणीचं टोक लावलं.

मिराला वाटलं आता फिदे कोसळेल. तिने त्याच्या कमरेला हात घातला. पण तो ताठ उभा होता, तुळतुळीत दाढी, इस्त्रीचा सदरा, मान वर, जिथे आता काहीच नव्हतं तिकडे.

"आम्हाला जहाजात बसवून परत आणलं," तो बोलू लागला, कोणाला उद्देशून ते कळत नव्हतं. "विमानं तिकडेच. आमची नव्हतीच ती, उसनी होती. शेवटच्या दिवशी आम्हाला धावपट्टीवर जाऊ दिलं नाही. कोणी म्हणालं मोडीत घातली. कोणी म्हणालं समुद्रात ढकलली. मी गॅरेजमध्ये बसखाली आडवा पडलो की हाच विचार, गेलं कुठे? एवढं मोठं विमान, गेलं कुठे?" त्याने खोल श्वास घेतला. हवेत अजून दारूचा वास होता. "चला, आज कळलं. बंदुका भरलेल्या होत्या आणि सगळ्या चालल्या. आबुंदियो, एक तरी अडकली?"

"नाही हो," आबुंदियो रडत म्हणाला. "एकही नाही."

"मग ठीक आहे," फिदे म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही समाधान आलं की मिरा त्याच्याकडे बघतच राहिली. तिला राग आला. आयुष्यात कधी आला नव्हता एवढा राग आला, त्या आंधळ्या, समाधानी तोंडाचा.

"तुझं ठीक झालं," ती म्हणाली. "माझं एक राहणार होतं, फिदे. एकच. सगळ्या जन्मात एक."

फिदेच्या चेहऱ्यावरचं समाधान पुसलं गेलं. त्याने चाचपडत तिचा हात शोधला. तिने तो दिला, पण बोटं मिटलेलीच ठेवली.

आबुंदियोने घसा साफ केला. "अजून दोन शिल्लक आहेत, कोमाद्रे. थांबवू का? सगळ्यांना घरी पाठवतो."

मिराने गर्दीकडे पाहिलं. खांद्यावर पोरं घेतलेले बाप, काहेताच्या, आटवलेल्या गोड दुधाच्या, डब्या घेऊन आलेल्या बायका, वर्षभर वाट पाहून उभे राहिलेले लोक. कोणाचीच काही चूक नव्हती, आणि हेच तिला सगळ्यात असह्य झालं.

"थांबवायचं कशाला," ती म्हणाली. "ते जळायलाच केलेत."

आबुंदियो टोपी डोक्यावर न घालताच परत गेला. दोरी खाली आली, वर गेली. कोणी हसलं नाही आधी, मग एक पोर हसलं, मग सगळे.

"कोण चढलाय?" फिदेने अगदी हलक्या आवाजात विचारलं. "मिरा? सांग ना. कोण आहे?"

मिराने डोळे घट्ट मिटून घेतले होते.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.